नेक्स्टचं बटण कुठे गेलं?

कोर्स तयार करायचं सॉफ्टवेअर हाती आलं की पहिला आठवडा सगळ्यांचा मजेत जातो. पॉवरपॉइंटसारखंच तर दिसतंय, चित्रं हलवता येतायत, बटणावर माउस नेला की रंग बदलतोय! दुसऱ्या आठवड्यात प्रश्न सुरू होतात. आणि बँकेचा प्रशिक्षण विभाग असो, औषध कंपनीतलं एचआर असो, इंजिनिअरिंग कॉलेजातले प्राध्यापक असोत की हिंजवडीत बसून अमेरिकेसाठी कोर्स बांधणारी मंडळी, सगळ्यांचे प्रश्न तेच. सॉफ्टवेअर स्टोरीलाइन असलं काय, कॅप्टिव्हेट असलं काय आणि फुकटचं एचफाइव्हपी असलं काय, काही फरक पडत नाही. प्रश्न अगदी बाळबोध असतो. उत्तर शोधायला गेलं की मात्र माणूस भलतीकडेच पोचतो: विमान कंपन्यांच्या समितीत, अमेरिकी संरक्षण खात्याच्या दफ्तरात, नाहीतर बरोबर उत्तराला गोळी देणाऱ्या एखाद्या यंत्रापाशी.

‘सर, कोर्स पूर्ण केलाय. तरी अपूर्णच दाखवतंय!’

या प्रश्नाला एव्हाना राष्ट्रीय प्रश्नाचा दर्जा मिळायला हवा होता. कोर्स हे एक सॉफ्टवेअर आणि तो ज्यावर चढवतात ती एलएमएस हे दुसरं. बहुतेक वेळा दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची. मग यांनी एकमेकांशी बोलायचं कोणत्या भाषेत? हा पेच आधी पडला विमानवाल्यांना. बोइंग, एअरबस, मॅकडॉनेल डग्लस यांची विमानं घेतली की प्रत्येकाबरोबर संगणकावरचं प्रशिक्षणही यायचं, आणि ते आपापल्या पद्धतीचं. विमानसेवांनी किती प्रकारची यंत्रं मांडून ठेवायची? म्हणून १९८८ मध्ये एआयसीसी ही विमान उद्योगाची समिती जन्माला आली. २०१४ मध्ये ती बरखास्त झाली, पण तिचा ठसा पुसला गेलेला नाही. आजही कोर्स एलएमएसला जे निरोप धाडतो त्यांची नावं ‘सीएमआय’ या अक्षरांनी सुरू होतात, आणि ती अक्षरं या समितीकडून आलेली आहेत. सांगलीतल्या सहकारी बँकेचा केवायसीचा कोर्स ‘झालं बरं का’ असं कळवतो, तेव्हा तो वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी ठरलेल्या बोलीतच कळवत असतो.

विमानवाल्यांचं हे काम पुढे अमेरिकी संरक्षण खात्यानं उचललं. १९९७ मध्ये एडीएल नावाचा उपक्रम सुरू झाला, जानेवारी २००० मध्ये स्कॉर्म या प्रमाणाची पहिली आवृत्ती आली आणि ऑक्टोबर २००१ मध्ये स्कॉर्म १.२. पब्लिश करताना यादीत दिसणारा आणि बरेच जण डोळे मिटून निवडतात तो पर्याय हाच. त्या वर्षीचा मोबाइल आज चालत नाही, ब्राउझर चालत नाही. हे प्रमाण मात्र ठणठणीत आहे.

आता ‘अपूर्ण’चं गौडबंगाल. स्कॉर्म १.२ मध्ये विद्यार्थ्याच्या प्रगतीसाठी रकाना एकच, आणि त्यात सहांपैकी एकच शेरा मावतो: उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, नुसताच चाळला, हातच लावला नाही. ‘सगळ्या स्लाइड पाहिल्या आणि परीक्षाही पास झालो’ असं दोन्ही सांगायची सोयच नाही. म्हणून पब्लिशच्या खिडकीत सॉफ्टवेअर विचारतं की पूर्णत्व कशावर मोजायचं, पाहिलेल्या स्लाइडांवर की क्विझच्या निकालावर? तिथे ‘क्विझ’ निवडलं असेल, तर चाळीस स्लाइड मन लावून वाचून क्विझ न देणारा जन्मभर अपूर्ण राहतो. पुढे स्कॉर्म २००४ मध्ये या रकान्याचे दोन केले, पूर्णत्व वेगळं आणि यश वेगळं. माझ्या मते या विषयातल्या निम्म्या तक्रारी त्या खिडकीकडे कुणी नीट बघत नाही म्हणून येतात.

उरलेल्यांपैकी बऱ्याच तक्रारींचा आरोपी म्हणजे कोपऱ्यातली फुली. कोर्स संपल्यावर लोक ब्राउझरचा टॅब धाडकन बंद करतात आणि नेमका त्याच क्षणी शेवटचा निरोप जायचा असतो. जुने कोर्स ब्राउझरला अडवून धरत: थांब, माझं बोलणं होऊ दे. २०२० मध्ये क्रोमनं बंद होणाऱ्या पानांची ही अडवणूक मोडून काढली. ब्राउझर वेगवान झाला आणि कोर्सवाल्यांची झोप उडाली. शेवटच्या स्लाइडवर मोठं ‘बाहेर पडा’ बटण ठेवावं ते याचसाठी.

याहून मजेशीर आहे ती कोर्सची शोधाशोध. कोर्स उघडला की तो आधी एलएमएसला हुडकतो. आपल्या खिडकीत नसेल तर पालक खिडकीत, तिथे नसेल तर तिच्या पालक खिडकीत, असा वर वर चढत जातो. एडीएलनं नमुन्यादाखल दिलेल्या कोडमध्ये ही चढाई सात पायऱ्यांनंतर थांबते. सातच का? शेजारच्या टिपेत प्रांजळपणे लिहिलंय की आकडा मनानेच घेतलाय, पण पुरून उरावा. म्हणजे अमेरिकी लष्करानेही सात पिढ्यांपर्यंतच मजल मारली! स्कॉर्म २००४ मध्ये कोर्स ज्याला शोधतो त्याचं नावच मुळी ‘एपीआय १४८४ ११’ असं आहे. हा आयईईई या संस्थेच्या प्रमाणाचा क्रमांक. पोराचं नाव आधार क्रमांकावरून ठेवावं, तसला प्रकार.

‘चहा पिऊन आले, तर पुन्हा पहिली स्लाइड!’

कोर्स अर्ध्यात सोडला तर कुठे सोडला, काय उत्तरं दिली होती, कोणती बटणं दाबून झाली होती, हे सगळं एका चिठ्ठीत लिहून कोर्स एलएमएसकडे ठेवायला देतो. स्कॉर्म १.२ मध्ये या चिठ्ठीची मर्यादा ४०९६ अक्षरं. दोनाचा बारावा घात. लहान कोर्सला पुरतं. पण शंभर स्लाइड, प्रत्येकीवर पाच बटणं, शिवाय ‘तुमचे विचार लिहा’ असे मोकळे रकाने, असा संसार थाटला की चिठ्ठी भरते. काही एलएमएस जास्तीचा मजकूर कापून टाकतात, काही चिठ्ठीच नाकारतात. परिणाम एकच, श्रीगणेशा पुन्हा. स्कॉर्म २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीत हीच मर्यादा ६४,००० पर्यंत नेली. एवढ्या एका कारणासाठीही लांबलचक कोर्सवाल्यांनी ती निवडावी, अर्थात एलएमएस हो म्हणत असेल तर. मूडल ही मोफत एलएमएस स्कॉर्म १.२ नीट सांभाळते, २००४ च्या बाबतीत हात आखडता घेते.

मराठीत लिहून घेणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. ‘ज्ञानेश्वरी’ आपल्याला चार अक्षरांची वाटते. संगणक ती अकरा मोजतो, कारण काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त हे सगळे स्वतंत्र धरले जातात. चिठ्ठीत जागा कमी आणि आपली भाषा मोजायला महाग.

वेळेच्या बाबतीत मात्र स्कॉर्मवाले उदार. स्कॉर्म १.२ मध्ये एका बैठकीचा वेळ लिहायला तासांसाठी चार आकड्यांची जागा आहे, म्हणजे ९९९९ तास. चारशे सोळा दिवस एकही चहा न पिता कोर्स बघत बसलात, तरी नोंद व्हायला अडचण नाही.

‘झिप उघडून अपलोड करायची ना?’

नाही! नाही म्हणजे नाही. एलएमएसला झिप तशीच्या तशी हवी असते आणि झिपच्या अगदी पहिल्याच पायरीवर ‘आयएमएस मॅनिफेस्ट’ नावाची एक्सएमएल फाइल हवी असते. कोर्समध्ये काय काय आहे आणि सुरुवात कुठून करायची, याची ती यादी. लोक काय करतात, झिप उघडतात, आतला लोगो बदलतात आणि बाहेरच्या फोल्डरवर उजवी टिचकी मारून पुन्हा झिप करतात. आता झिपच्या आत फोल्डर, त्याच्या आत यादी. एक पायरी खाली. एलएमएसला ती दिसत नाही आणि ‘हे पॅकेज वैध नाही’ असं फर्मान निघतं. फोल्डर नको, आतल्या सगळ्या फाइली निवडून झिप करा, दोन सेकंदांचं काम आहे.

झिपच्या पोटात डोकावलात तर जवळपास प्रत्येक झिप इंग्रजी ‘पी’ आणि ‘के’ या दोन अक्षरांनी सुरू झालेली दिसेल. ही १९८९ मध्ये हा प्रकार आणणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. पॉवरपॉइंटची २००७ पासूनची फाइलसुद्धा आतून झिपच. तिच्या नावाचं शेपूट बदलून ‘झिप’ करा, उघडा, आतल्या मीडिया फोल्डरमध्ये सगळी चित्रं आणि व्हिडिओ ओळीनं उभे असतील. ‘साहेबांच्या पीपीटीतले फोटो वेगळे कसे काढू?’ याचं हे एका दमाचं उत्तर.

फाइलींना मराठी नावं देऊ नयेत, असं मराठीप्रेमी माणसालाही इथे सांगावं लागतं. झिपच्या मूळ नियमांत नावं लिहायला जुन्या आयबीएम पीसीची २५६ चिन्हांची सारणी होती. युनिकोडची सोय नंतर आली आणि जुन्या एलएमएसना तिची सवय नाही. नाव फार लांबही नको, कारण विंडोजमध्ये फोल्डरांसकट पूर्ण पत्त्याला २६० अक्षरांची जुनी वेस आहे. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन खरंच फायनल’ अशी एकात एक फोल्डरं करणाऱ्यांना ही वेस लवकर लागते. आणि कन्क्लूजनचं लघुरूप म्हणून ‘सी-ओ-एन’ नावाचं फोल्डर करायला गेलात तर विंडोज साफ नकार देईल. डॉसच्या काळापासून ते नाव कीबोर्ड-पडद्याच्या जोडीसाठी राखीव आहे.

‘पासिंग किती ठेवू?’

स्टोरीलाइन न विचारताच ८० टक्के ठेवते आणि लोक ते तसंच राहू देतात. आता जरा अंकगणित करू. क्विझमध्ये चार प्रश्न असतील तर तीन बरोबर म्हणजे ७५ टक्के, नापास. म्हणजे एकही चूक माफ नाही. पाच प्रश्न केले की चार बरोबर म्हणजे बरोब्बर ८०, पास. एक प्रश्न वाढवला आणि परीक्षा सोपी झाली! दहा प्रश्नांत दोन चुका चालतात, नऊ प्रश्नांत मात्र एकच.

नुसते अंदाजपंचे ठोकून पास व्हायची शक्यता किती? पाच प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, किमान चार बरोबर हवेत: चौसष्टात एक. तेच पाच प्रश्न ‘चूक की बरोबर’ प्रकारचे केले तर सोळात तीन. म्हणजे डोळे मिटून क्लिक करणाऱ्या शंभरांतले एकोणीसेक जण अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र घेऊन घरी जातील. त्यात तीनदा प्रयत्न करायची मुभा दिली असेल तर बोलायलाच नको.

पर्यायांची उलटापालट करायची सोय सगळ्यांना आवडते, आणि तिच्यामुळे होणारा विनोद सगळ्यांना उशिरा कळतो. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय उलटापालटीत सगळ्यात वर जाऊन बसतो. वरील म्हणजे कोण? प्रश्नच! उपाय साधा आहे, ‘हे सर्व’ असं लिहा, म्हणजे तो कुठेही बसला तरी चालतो.

आणि नेक्स्टचं बटण. ‘बरोबर उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही, कसं करू?’ बटणाची अवस्था ‘निष्क्रिय’ किंवा ‘लपलेली’ ठेवा, बरोबर उत्तरावर ट्रिगर लावून ती ‘सामान्य’ करा, झालं. ट्रिगर वरून खाली या क्रमानं चालतात. आधी ‘पुढे जा’ आणि खाली ‘गुण वाढव’ असं लिहिलंत तर पाहुणा गेल्यावर ताट वाढल्यासारखं होईल. पण ही कल्पना कुणा सॉफ्टवेअरवाल्याच्या डोक्यातली नाही. १९२० च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठातल्या सिडनी प्रेसी या मानसशास्त्रज्ञानं टाइपरायटरएवढं एक यंत्र बनवलं होतं. त्याला चार कळा होत्या आणि खिडकीत बहुपर्यायी प्रश्न दिसायचा. एक खटका असा होता की बरोबर कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्न येतच नसे. हेच ते कुलूपबंद नेक्स्ट! शिवाय एक जोडणी होती. ठरवलेल्या संख्येइतकी उत्तरं बरोबर आली की यंत्रातून गोळी बाहेर पडायची, खायची. आजच्या कोर्सात गोळीच्या जागी पडद्यावर रंगीत कागद उडतात. प्रगती म्हणावी की अधोगती, ज्याचं त्यानं ठरवावं.

‘चुकलेल्याला एका स्लाइडवर न्यायचं आणि बरोबर असलेल्याला दुसऱ्या’ हा फाट्यांचा खेळ तर छापील पुस्तकातसुद्धा होऊन गेलाय. नॉर्मन क्राउडर या अमेरिकी माणसानं १९५० च्या दशकाअखेर अशी पुस्तकं काढली. उत्तर निवडा, त्याच्यासमोर दिलेल्या पानावर जा. चुकलात तर ते पान तुमची नेमकी काय चूक झाली ते समजावून सांगून परत पाठवणार. ओळीनं वाचायला जाणाऱ्याला त्यातलं काही म्हणजे काही कळत नसे. त्यानं लिहिलं तेवढ्या काळजीनं चुकीच्या उत्तराचा अभिप्राय आज किती कोर्सांत लिहिला जातो? ‘अरेरे, पुन्हा प्रयत्न करा!’ यापलीकडे आपली गाडी जात नाही.

‘उत्तर बरोबर लिहिलंय, तरी चूक देतंय!’

हा खास आपला, मराठीचा प्रश्न, म्हणून इथे जरा बैठक मारू.

समजा बँकेच्या कोर्समध्ये गाळलेली जागा आहे: ‘____ चेकवर सही करू नये.’ उत्तर ‘कोऱ्या’. विद्यार्थिनी ‘कोऱ्या’ असंच लिहिते, पडद्यावर दोन्ही शब्द जुळे भाऊ दिसतात आणि कोर्स सांगतो, चूक. कारण हा ‘ऱ्य’ संगणकात दोन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेत खाली टिंब असलेला वेगळा ‘ऱ’ वापरतात. दुसऱ्या वाटेत साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक. डोळ्याला फरक शून्य, सॉफ्टवेअरला मात्र ते दोन वेगळे शब्द. कोर्स करणाऱ्यानं एका कीबोर्डवर टंकलं आणि शिकणारीनं दुसऱ्या, की संपलं.

‘ॲप’चंही तेच. त्यातला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला. त्याआधी आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरही ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवलं गेलं. तिसरा ‘ऍ’, तो तर दिसायलाच निराळा. तीन लेखनं, उच्चार एक.

आकड्यांत आणखी मजा आहे. संख्येच्या रकान्यात कुणी देवनागरीत २५ लिहिलं, तर सगळ्या कोर्सांच्या पोटात चालणारी जावास्क्रिप्ट म्हणते, ही संख्याच नाही. मराठी शाळेत पाढे पाठ केलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं! तोडगा असा की गाळलेल्या जागेला ग्राह्य उत्तरं एकापेक्षा जास्त देता येतात, तिथे सगळी रूपं भरून टाकायची. नाहीतर सरळ पर्यायी प्रश्न ठेवायचा.

आणि हे सगळं नवीन आहे म्हणावं, तर इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये सुरू झालेली प्लेटो ही शिक्षणप्रणाली आठवते. पॉल टेन्झर नावाच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यानं १९६७ मध्ये तिच्यासाठी ट्यूटर ही भाषा केली, शिक्षकांना स्वतःचे धडे स्वतः लिहिता यावेत म्हणून. म्हणजे आजच्या सगळ्या कोर्स-सॉफ्टवेअरची आजीच ती. या भाषेतल्या धड्यांना स्पेलिंगची बारीक चूक ओळखता यायची. सरसकट चूक न देता नेमका कुठला शब्द बिघडलाय ते खूण करून दाखवलं जायचं. इतक्या वर्षांनी आपण ‘कोऱ्या’पाशी अडलोय. (आज ज्याला प्लाझ्मा पडदा म्हणतात तोही १९६४ मध्ये प्लेटोसाठीच लावलेला शोध. १९७२ च्या प्लेटोला तर बोटानं स्पर्श करायचा पडदा होता.)

मराठीवाल्यांचं दुसरं दुखणं जुन्या फॉन्टांचं. श्रीलिपी, कृतीदेव यांत टंकलेला मजकूर नव्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते, कारण तो मुळात रोमनच असतो, देवनागरीचा फक्त अंगरखा चढवलेला. फॉन्ट बदलला की अंगरखा उतरला. त्याला परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणण्यावाचून गत्यंतर नाही. नंतर मात्र फॉन्टांची चैन आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्त आणि बलू, आयआयटी मुंबईची शोभिका, सगळे मोफत. बटणाची उंची तेवढी सढळ ठेवा. इंग्रजी नमुन्याच्या बटणात मराठी घातलं की वरची वेलांटी आणि खालचा उकार दोन्ही छाटले जातात.

आणखी चार, घाईघाईत

आवाज आपोआप सुरू होत नाही? एप्रिल २०१८ मध्ये क्रोमच्या ६६ व्या आवृत्तीनं न विचारता वाजणाऱ्या पानांचं तोंड बंद केलं. माणसानं एकदा तरी क्लिक केल्याशिवाय आवाज नाही. पहिल्या पडद्यावरचं ‘सुरू करा’ बटण शोभेचं नसतं ते यामुळे.

सबटायटल्स चढत नाहीत? एसआरटी फाइलमध्ये सेकंदांनंतर स्वल्पविराम असतो, व्हीटीटीमध्ये टिंब. शिवाय व्हीटीटीच्या पहिल्या ओळीत ‘वेबव्हीटीटी’ हे नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत हवंच. एका स्वल्पविरामापायी सबंध दुपार गेलेले लोक मी पाहिलेत.

अंध विद्यार्थ्याला कोर्स कसा ऐकू येतो, हे बघायचं असेल तर एनव्हीडीए हे मोफत स्क्रीन रीडर चालू करा. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं ते २००६ मध्ये सुरू केलं आणि पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. चित्राला पर्यायी मजकूर दिला नसेल तर सॉफ्टवेअर फाइलचंच नाव पुढे करतं आणि बिचाऱ्याला ‘आयएमजी अंडरस्कोर शून्य शून्य चार सात’ असा मंत्र ऐकू येतो.

रंगांचं काय? मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर निदान ४.५ ला १ असावं, असा सुगम्यतेचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. पांढऱ्यावर पिवळं जेमतेम १.०७ ला भरतं. झेंड्याचा म्हणून वेबवर सर्रास वापरला जाणारा भगवा पांढऱ्यावर लिहिला तर २.१. उत्साह कितीही असो, मजकूर काळ्यातच लिहा. याच दंडकात वेळेचं बंधन शिथिल करता यायला हवं असंही कलम आहे, फक्त मुदत वीस तासांहून मोठी असेल तर सूट. वीस तासांची क्विझ कोण लावतं, हे विचारायचा मोह होतो.

‘जुना कोर्स उघडतच नाही’

फ्लॅशमधला असणार. ३१ डिसेंबर २०२० ला अॅडोबीनं फ्लॅशला निरोप दिला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालणंच बंद केलं. त्याआधीची वीसेक वर्षं पुण्या-मुंबईतल्या ई-लर्निंग कंपन्यांची भाकरी बरीचशी फ्लॅशवर भाजली गेली होती. पुढे तेच कोर्स नव्या तंत्रात बदलून द्यायचं काम निघालं, तेही यांच्याचकडे आलं. मुंबईची टाटा इंटरॅक्टिव्ह सिस्टिम्स या धंद्यात १९९० पासून होती, २०१८ मध्ये ती एमपीएस या कंपनीनं घेतली. पुण्याच्या हार्बिंजरनं तर रॅप्टिव्हिटी हे स्वतःचं सॉफ्टवेअरच बाजारात आणलं.

या धंद्यात नावं आणि मालक बदलायचा वेग भलताच आहे. आजचं कॅप्टिव्हेट आधी फ्लॅशकॅम होतं, मग रोबोडेमो झालं, मग मॅक्रोमीडियाच्या घरी जाऊन कॅप्टिव्हेट झालं आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियासकट अॅडोबीच्या घरात आलं. मायक्रोसॉफ्टच्या पॉल अॅलननं काढलेल्या कंपनीचं टूलबुक १९९० पासून तीस वर्षं टिकलं. मायकल अॅलनचं ऑथरवेअर, ज्यात कोर्स म्हणजे वरून खाली ओघळणाऱ्या चित्रखुणांची माळ असायची, त्याचा विकास २००७ मध्ये थांबला. दोन अॅलन, नात्यागोत्याचा संबंध नाही.

‘पब्लिश केलेली झिप आहे, त्यावरून मूळ फाइल परत मिळेल का?’ नाही मिळत. चित्रं, आवाज, मजकूर वेचून काढता येतो, पण ट्रिगर, थर, चल यांची घडी परत बसत नाही. कोर्स बनवून घेताना करारात मूळ फाइल मागून घ्या. हे वाक्य सरकारी खात्यांनी भिंतीवर लावायला हरकत नाही.

‘फुकट काही आहे का?’

आहे की! एचफाइव्हपी नॉर्वेतल्या ट्रॉम्सो या उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या गावातून आलं, ईएक्सई लर्निंग न्यूझीलंडमधून. मूडल मार्टिन डूगियामस या ऑस्ट्रेलियन माणसानं २००२ मध्ये जगाला दिलं. तो लहानपणी वाळवंटी भागात राहायचा आणि त्याची शाळा रेडिओवरून भरायची, तेव्हा दूरस्थ शिक्षणाचं वेड कुठून आलं हे विचारायला नको. आपल्याकडे २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालेलं दीक्षा हे व्यासपीठ सनबर्ड या खुल्या सॉफ्टवेअरवर उभं आहे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की धडा उघडतो, ही त्याची ओळख. पुस्तकात क्यूआर कोड घालायचा प्रयोग करणारे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, हे बहुतेकांना ठाऊक आहे.

फुकटात मिळणारी एक गोष्ट मात्र घेऊ नका. ‘माणूस वाचलेलं १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०...’ असा त्रिकोण. हा हमखास दुसऱ्या स्लाइडवर असतो आणि खाली एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाचं नाव असतं. डेलनं १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू काढला हे खरं, पण त्यात टक्के नव्हते. एकही नव्हता. ते नंतर कुणीतरी चिकटवले, आणि इतके गोल आकडे कुठल्या प्रयोगात येतात, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

‘प्रमाणपत्रावर तारीख कशी आणू?’

जावास्क्रिप्टच्या दोन-तीन ओळी लिहून. नाव चलातून येतं, गुण निकालाच्या स्लाइडवरून आणि तारीख शिकणाऱ्याच्या संगणकाच्या घड्याळातून. शेवटच्या तीन शब्दांवर एप्रिल महिन्यात फार विचार होतो. ३१ मार्चची मुदत हुकलेला कुणी संगणकाचं घड्याळ मागे करून कोर्स संपवतो, आणि प्रमाणपत्रावर खरोखरच ३१ मार्च छापून येतं, सोनेरी चौकटीत, संचालकांच्या सहीसह. एलएमएसच्या अहवालातली तारीख मात्र सर्व्हरच्या घड्याळाची असते, आणि ऑडिटवाले अहवालच मागतात.